गुळगुळीत की खडबडीत: पहिलं मोठं तारकायान कोणतं घ्यावं?

गेल्या वर्षभरात मला तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. प्लास्टिकच्या मॉडेल किटांतून गाड्या बांधून झाल्या, विमानं झाली, एखाददुसरा रणगाडाही झाला, हात बऱ्यापैकी बसलाय. आता मोठं तारकायान घ्यायचंय, कोणतं घेऊ? तिघांच्या डोक्यात नावंही तीच होती. पोलर लाइट्स या किट कंपनीचं १/३५० प्रमाणातलं, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं मूळ एंटरप्राइझ, त्याच कंपनीचं त्याच प्रमाणातलं ‘रिफिट’ एंटरप्राइझ, म्हणजे १९७९च्या पहिल्या स्टार ट्रेक चित्रपटात नव्याने सजून आलेलं जहाज, आणि बंदाई या जपानी कंपनीचं १/७२ ‘परफेक्ट ग्रेड’ मालिकेतलं, ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन.

तिघंही निवड करत होते ती लहानपणी कोणतं जहाज आवडायचं यावरून. मी उलटा प्रश्न टाकला: तुम्हाला घासायला आवडतं, रंगासाठी टेप लावत बसायला आवडतं, की मळवायला, म्हणजे जहाज वापरलेलं दिसावं म्हणून डाग-ओघळ काढायला आवडतं? कारण ही तीन किटं म्हणजे तीन वेगळी कामं आहेत. जहाजावर कितीही जीव असला तरी नावडतं काम पाच-सहा महिने रोज रात्री होत नाही. माझ्या ओळखीत अर्धवट राहिलेली दोन एंटरप्राइझ माळ्यावर पडून आहेत, त्यातलं एक माझंच.

आधी मापं, कारण घरात पहिला वाद त्यावरूनच होतो. मूळ एंटरप्राइझची कथेतली लांबी २८९ मीटर. म्हणजे १/३५०ला साधारण ८२ सेंटिमीटर. रिफिट थोडं मोठं, ८७च्या आसपास. फाल्कन ४८ सेंटिमीटर. खरी गोम लांबीत नाही, खोलीत आहे. एंटरप्राइझच्या पुढच्या बशीचा व्यास ३६ सेंटिमीटर, रिफिटचा ४०, आणि आपल्याकडच्या शोकेसचा कप्पा असतो फूटभर खोल. काच लागणारच नाही. फाल्कन पसरट असलं तरी स्वतःच्या पायांवर उभं राहतं, एखाद्या बुटक्या कपाटावर ठेवून देता येतं. एंटरप्राइझ मात्र एका दांड्यावर हवेत तोललेलं, मागे दोन बारीक खांबांवर दोन लांब नळकांडी. पंख्याखाली धूळ झटकताना कोणाचाही हात लागेल अशी रचना.

आता मुद्द्याचं. मूळ एंटरप्राइझ हे तिघांत दिसायला सगळ्यात साधं, आणि म्हणूनच बांधायला सगळ्यात कठीण. ते रेखाटणारे मॅट जेफरीज स्वतः वैमानिक होते. यंत्रं जहाजाच्या आत असावीत, दुरुस्ती आतूनच करता यावी, म्हणून बाहेरचं अंग सपाट ठेवायचं, असा त्यांचा विचार. विचार उत्तम, पण त्याची किंमत मॉडेल बांधणाऱ्याने मोजायची! नळकांडी दोन उभ्या अर्ध्यांतून जुळतात. तो सांधा वरून आणि खालून, पूर्ण लांबीभर, नाहीसा झाला पाहिजे. लपवायला वर ना पाइप, ना जाळी, ना कसला उंचवटा. मी सांध्यात सुपरग्लू भरतो, पुट्टी नाही. पुट्टी सुकताना आक्रसते आणि महिन्याभराने रंगाखालून बारीक खाच वर येते. मग वॉटर पेपर ४००, ६००, १०००, पाण्यात बुडवून. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर. प्रायमर हा चहाडखोर. डोळ्यांना जे दिसलं नाही ते सगळं तो सांगतो. परत घासा, परत प्रायमर. एका नळकांड्याला मला चार फेऱ्या लागल्या, आणि नळकांडी दोन आहेत.

रंगाचं म्हणाल तर एक करडा रंग, त्याच्याच दोन-तीन छटा, डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं-चित्रं), वर मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक थर. पण कोणता करडा, यावर माणसं तावातावाने भांडतात. चित्रीकरणासाठी १९६४मध्ये बांधलेलं ११ फुटांहून लांब मॉडेल वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. १९९१च्या डागडुजीत त्यावर रंगवलेल्या ठळक रेषा अनेक चाहत्यांना खटकत होत्या. मग पुन्हा काम झालं आणि २०१६मध्ये ते नव्या रूपात मांडलं गेलं. बशीच्या वरच्या भागावर जुना मूळ रंग टिकून होता, त्याचा या कामात मोठा उपयोग झाला. त्या रंगावरच्या आडव्या-उभ्या रेषा कशाने काढल्या होत्या, तर पेन्सिलीने. म्हणून माझा सल्ला: रेषा दिसतील-न दिसतील इतक्याच ठेवा. काळं वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, चुकूनही भरू नका.

त्या मॉडेलची आणखी एक गंमत. त्याची डावी बाजू पुरी केलेलीच नव्हती. दिव्यांच्या वायरी तिथून बाहेर येत. कॅमेरा कायम उजवीकडून. आपल्या गणपतीच्या मखराला मागून जसं नुसतं थर्माकोल आणि सेलोटेप दिसतं, तसंच. तुम्ही मात्र दोन्ही बाजू करणार आहात, कारण पाहुणे कुठूनही बघतात.

या किटात मालिकेचे दोन पायलट, म्हणजे चाचणीसाठी बनवलेले भाग आणि नेहमीची मालिका, अशा तिन्ही रूपांचे सुटे भाग मिळतात. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने नेहमीचंच रूप घ्यावं. दिव्यांचा संच वेगळा विकत मिळतो. नळकांड्यांच्या पुढच्या टोकात फिरणारा प्रकाश हवा असेल तर तो घ्याच, घरी जुळवण्यात वेळ फार जातो.

रिफिटकडे येऊ. सांध्यांचा ताप इथेही आहे, पण खरी परीक्षा रंगात. मूळ चित्रीकरणाच्या मॉडेलवर पॉल ओल्सन यांनी पांढऱ्यावर चौकटीचौकटींत मोत्यासारख्या चमकीचे रंग दिले होते: लाल, निळा, हिरवा, सोनेरी, सगळे इतके पातळ की प्रकाशाचा कोन बदलला तरच दिसावेत. पुढच्या चित्रपटाच्या वेळी ट्रिक दृश्यांसाठीच्या निळ्या पडद्यापुढे हीच चमक आड यायला लागली आणि ती मंद करावी लागली. या एकात एक अडकलेल्या चौकटींच्या नक्षीला मॉडेलवाले ‘अझटेक’ म्हणतात. ती करायचे मार्ग दोन. एक, कापून तयार मिळणारे मास्क, म्हणजे रंग अडवणारे चिकट तुकडे: लावा, धुक्यासारखा एक हात फवारा, काढा, पुढचा संच लावा, दुसरा रंग. दोन, नक्षीचे तयार डिकॅल.

डिकॅलने वेळ वाचतो, पण बशीच्या गोलाईवर मोठ्या डिकॅलला सुरकुती पडली की ती तुम्हाला आयुष्यभर दिसते. मास्कने वेळ अक्षरशः आठवड्यांत जातो. मला स्वतःला मास्क आवडले, पण मी रांगोळीचे ठिपके मोजत बसणाऱ्या घरातला आहे. हातमोजे मात्र घाला. मोत्याच्या रंगावर बोटाचा ठसा राहिला तर वरचं क्लिअर तो झाकत नाही, उलट जपून ठेवतं.

दिव्यांच्या बाबतीतही रिफिट वरचढ हट्टी. नुसत्या खिडक्या उजळून भागत नाही. पडद्यावर हे जहाज स्वतःच्याच छोट्या झोतांनी स्वतःचं नाव आणि अंग उजळतं. ते जमवायचं तर बारीक एलईडी, फायबर आणि कोन जुळवण्याचा चिवटपणा लागतो. जमलं तर तिघांत देखणं हेच.

दोन्ही एंटरप्राइझना लागू असलेली एक गोष्ट: प्लास्टिकमधून प्रकाश झिरपतो. बाहेरून रंग दिला की झालं, असं मला वाटलं होतं. बशी बंद केली, खोलीत अंधार केला, बटण दाबलं, आणि समोर तारकायानाऐवजी दिवाळीचा आकाशकंदील! आतून आधी काळा रंग द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचा, त्यावर पांढरा किंवा चंदेरी. सांध्यांच्या कडाही काळ्या करायच्या. आणि बशी बंद करण्याआधी दिवे सलग एक रात्र चालू ठेवून बघायचे. कमकुवत सोल्डर त्या रात्रीत बोलतं.

फाल्कनला यातलं जवळपास काहीच नाही. भाग दाबून बसतात, प्लास्टिक रंगीत आहे, आणि बंदाईचं मोजमाप इतकं नेमकं की गोंदाची बाटली बाजूलाच राहते. २०१७मध्ये आलं तेव्हा जपानमधली किंमत करापूर्वी ४०,००० येन होती. म्हणजे स्वस्त अजिबात नाही. दिव्यांसह आणि दिव्यांशिवाय अशा दोन आवृत्त्या आहेत, मागवताना डब्यावरचं नीट वाचा. १९७७च्या चित्रपटासाठी बांधलेल्या पाच फुटी मॉडेलवर बेतलेलं हे किट आहे. त्या मॉडेलच्या अंगावरचा खडबडीतपणा आला कुठून, तर बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या किटांमधून उचललेल्या तुकड्यांतून. म्हणजे रणगाडा बांधून आलेल्या माणसाला इथे ओळखीचं भेटतं.

इथे चूक झाली तर तिचा डाग करता येतो. रंग ओघळला? तेलाची गळती. पॅनेल खरवडलं? लेझरचा मार. काही पॅनेल वेगळ्या करड्या-तांबूस छटांत रंगवा, क्लिअर मारा, मग तपकिरी-काळं वॉश, ओघळ, काजळी. फक्त एक सावधगिरी. दाबून बसवलेल्या भागांवर ताण असतो, आणि उघड्या प्लास्टिकवर एनॅमल थिनर साचून राहिला तर ते भाग तडकतात. वॉश देण्याआधी रंग आणि क्लिअरचा थर हवाच, आणि वॉश थबथबून ओतायचं नाही. दुसरी अडचण वेगळ्या जातीची: थांबायचं कधी हे कळत नाही. मळवता मळवता माझं फाल्कन एका टप्प्यावर गॅरेजमधल्या स्टोव्हसारखं दिसायला लागलं होतं.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी पावसाळ्याचं सांगतो. ठाणे, रत्नागिरी, पणजी, कुठेही जुलैमध्ये लॅकर फवारू नका. दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरते, आणि कंप्रेसरच्या पाणी अडवणाऱ्या कपात तासाभरात पाणी दिसतं. रिफिटच्या मोत्याच्या रंगाला हे सगळ्यात जास्त बाधतं, फाल्कनला सगळ्यात कमी. जून ते सप्टेंबर सांधे घासा, दिवे जोडा, रंग दिवाळीनंतर. थिनर आणि स्प्रेचे डबे परदेशातून विमानाने मागवायच्या भानगडीत पडू नका, ते इथेच शोधा. किट मागवताना कस्टम आणि कुरिअर धरून घरपोच आकडा आधी विचारा; एकदा मी तो विचारला नव्हता.

मग कोणतं? पहिलंच मोठं असेल तर फाल्कन, यात मला शंका नाही. रंग फवारायचा एअरब्रश हातात बसलाय आणि टेप लावताना जीव रमतो, तर रिफिट. मूळ एंटरप्राइझ फक्त त्याने घ्यावं ज्याला घासण्यात समाधी लागते. आणि त्यानेही आधी त्याच कंपनीचं १/१०००चं २९ सेंटिमीटरचं छोटं एंटरप्राइझ बांधून, त्याच्या नळकांड्यांवरचे सांधे गायब होतात का ते पाहावं.

पैसे भरण्याआधी एक काम करा. वर्तमानपत्रं जोडून निवडलेल्या जहाजाच्या मापाचा तुकडा कापा, मूळ एंटरप्राइझला ८२ बाय ३६ सेंटिमीटर, आणि जिथे जहाज ठेवायचं आहे तिथे चार दिवस ठेवून बघा. आमच्याकडचा तुकडा दुसऱ्याच दिवशी इस्त्रीच्या कपड्यांखाली सापडला.