खालच्या घरात ओल: ग्राउट भरायचं की बाथरूम फोडायचं?

खालच्या फ्लॅटच्या छताला पोपडे धरले की वरच्या घरी दोन सल्ले येतात. एक म्हणतो फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (रेझिनचा, पाणी न शोषणारा भराव) भरा, दुसरा म्हणतो सगळं फोडा. पाणी नेमकं कुठून उतरतंय हे कळेपर्यंत दोघांचंही ऐकू नका.

थेंब दिवसरात्र एकाच वेगाने पडत असतील तर संशय पाणी आणणाऱ्या, सतत दाबाखाली असलेल्या पाईपवर. फक्त पावसात ओल येत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीचा, बाथरूमला हात लावू नका. अंघोळीनंतर गळती वाढत असेल तर न्हाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी निचरणारं भांडं) तोंड बुचाने बंद करून उंबऱ्याखाली राहील इतकं पाणी फरशीवर 24 तास साठवा. खाली ओल वाढली तर सांधे किंवा कडा गळताहेत. नाही वाढली, तर फरशी कोरडी करून थेट ट्रॅपमध्ये चार-पाच बादल्या ओता. आता वाढली तर दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाईपचा, आणि ग्राउटवरचा खर्च वाया.

ग्राउटिंगचं काम चार-पाच दिवसांचं. जुना भराव फरशीच्या जाडीच्या किमान दोन-तृतीयांश खोल खरवडायचा, बाथरूम दोन दिवस पूर्ण कोरडं ठेवायचं, मग इपॉक्सी. मिसळलेला माल पाऊण तासात आवळतो, नागपूरच्या मे महिन्यात त्याआधीच, म्हणून थोडा थोडा कालवायचा. नंतर 24 तास पाणी नाही. फसतं ते बहुतेक वेळा इथेच: सांधा ओला असताना भरलं, किंवा वरवर लेप दिला. ठोकल्यावर पोकळ वाजणारी फरशी पायाखाली हलते आणि सांधा पुन्हा फुटतो. तिथे ग्राउट टिकत नाही.

फोडणं हे आठ-बारा दिवसांचं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आठ-दहा इंच खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव. चार बाय सात फुटांच्या बाथरूममधून पंचवीसेक गोणी राडारोडा निघतो. लिफ्ट नसेल तर मजुरी वेगळी धरा. स्लॅब साफ करून, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यांना वाटा (सिमेंटची गोलाई) मारून, पॉलिमर-सिमेंटच्या जलरोधक लेपाचे दोन हात आडवे-उभे, भिंतीवर किमान फूटभर चढवून. ट्रॅपची कड सगळ्यात कच्ची, तिथे जाळीची पट्टी हवीच. 48 तास पाणी साठवून खालून बघा, मगच भराव. फरशी बसल्यावर पुन्हा तीच चाचणी. कोटिंग झाल्यावर प्लंबरने छिन्नी लावली तर सगळं पहिल्यापासून.

खालून पीयू इंजेक्शनचा, म्हणजे छताच्या भेगांत पॉलियुरेथेन दाबून भरण्याचा, तिसरा मार्ग सुचवतील. थेंब थांबतो, पण पाणी भरावातच साचून राहतं आणि स्लॅबची सळई गंजत राहते. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

आमचा कौल: ट्रॅप ठीक, फरशी घट्ट आणि पाईप सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) असतील तर आधी ग्राउट. फरशीखाली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप असतील किंवा खालच्या छताची सळई दिसू लागली असेल तर फोडाच; छताची दुरुस्ती मात्र गळती थांबल्यावर. खर्चाचा वाद निघालाच, तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते.

ग्राउटनंतर भरावात मुरलेलं पाणी दोन-तीन आठवडे झिरपतंच, लगेच कामगाराशी भांडू नका. छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाका. महिन्याभरात डाग रेघेच्या आत सरकला नाही, तर फोडायची तयारी करा.