आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) कॅन, आठ महिने वापरल्यावर: रंग निघतो, झाकणानं डोकं फिरवलं

गेल्या महिन्यात एका रविवारी कॅन उचलला तर हलका लागला. मी ओतला नाही, घरात कुणी हात लावला नाही, खाली डाग नाही, आणि तळाला चार बोटं माल. झाकण पिळून घट्ट बसवलेलं. उलटा धरून बघितला तर आट्यांतनं थेंब. म्हणजे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर (ठेवायला नको होता, मान्य) माझे पैसे हळूहळू वाफ होऊन साताऱ्याच्या हवेत गेले.

जानेवारीत एक लिटर घेतला होता, ९९ टक्केवाला. कारण पुण्यातनं सेकंडहँड ४० प्लास्टिकचे सैनिक उचललेले, २८ मिलिमीटरचे, आणि आधीच्या मालकानं इतका जाड रंग थापलेला की डोळे-नाक सगळं पुरणपोळीसारखं सपाट. आधी घरातलं अँटिसेप्टिक वापरून बघितलं, ते पाण्यात दुधाळ होतं ते. रंग सुटला, पण मी शहाण्यासारखा नळाखाली धरला आणि सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होऊन परत सैनिकाच्याच अंगाला बसला. त्याला आधी त्याच अँटिसेप्टिकनं धुवायचं असतं आणि पाणी सगळ्यात शेवटी, हे नंतर कळलं. वास तर आठवडाभर, आई म्हणाली घराचा दवाखाना केलास.

आयपीएत ती कटकट नाही. लोणच्याची काचेची बरणी, त्यात सैनिक बुडवायचे, झाकण लावायचं, दोन-तीन तासांनी जुन्या मऊ टूथब्रशनं घासायचं, खाचेत लाकडी टूथपिक, मग साबणाच्या पाण्यात. ॲक्रिलिक रंग सालीसारखा निघतो. खालचा प्रायमर कुठं कुठं राहतो, त्याच्या मागं लागू नका, खोदकाम दिसतंय ना मग वर नवा प्रायमर मारा. चाळीसातले सहा मात्र ऑइल पेंटचे निघाले, त्यांना काडीचा फरक नाही, तसेच पडलेत.

बहिणीचं नेलपेंट रिमूव्हर मात्र लावू नका. त्यातल्या ॲसिटोननं पॉलिस्टायरिन (सैनिकांचं प्लास्टिक) विरघळतं, एका सैनिकाचं तोंड मेणासारखं वाहिलं. आणि बिन-ॲसिटोनचं म्हणून विकतात त्यातही बहुतेक इथिल ॲसिटेट असतं, तेही प्लास्टिक खातं. सगळं धातूचं असेल तर ॲसिटोन चालतं, फक्त फेव्हिक्विकचे जोड सुटतात. डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या खेळण्यातल्या) गाड्यांना कॉस्टिक सोडा सांगणारे पण भेटतात, ती बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, सोडा त्या धातूलाच खातो.

एप्रिलपर्यंत मी हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो, पाचपैकी पाच. मग थ्रीडी प्रिंटचा रेझिनचा भालाईत रात्रभर बरणीत विसरलो. सकाळी भाला शेवयासारखा लवतोय आणि वाळल्यावर पायाला तडा. रेझिनला काही मिनिटंच, आणि तेही समोर उभं राहून. एक स्टार कापला. चूक माझी, पण स्टार कापला.

जुलैत आणखी एक. तोच रंग, तीच बरणी, पण तीन तासांचं काम रात्रीवर गेलं. आयपीए हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडं पावसात हवा म्हणजे ओलं फडकंच, त्यात झाकण सैल. म्हणजे पैसे ९९ टक्क्यांचे आणि कॅनमध्ये किती टक्के उरलं ते देवालाच माहीत. सगळं फिरून झाकणावर येतं बघा.

विकणाऱ्याला फोन केला. ते म्हणाले ज्वलनशील माल आहे, रिटर्न होत नाही. म्हणलं माल परत देतच नाही, तो उडून गेलाय, मला फक्त झाकण द्या. तर म्हणे गळतीचा फोटो पाठवा. वाफेचा फोटो कसा काढतात ते त्यांनी सांगावं. तीन वेळा तक्रार टाकली, तिन्ही वेळा 'समस्या सोडवली' असा मेसेज.

वापरलेला आयपीए फेकू नका. दोन दिवस स्थिर ठेवला की रंग तळाला बसतो, वरचा जुन्या सुती कापडातनं गाळून परत वापरायचा, माझे चार फेरे झाले. मधल्या एका फेऱ्यात भाच्यानं मागच्या दिवाळीच्या किल्ल्यातला मावळा टाकला बरणीत, प्लास्टरचा, त्यानं घोटभर पिऊन घेतला ते वेगळंच. आणि हे सगळं खिडकी उघडून, हातमोजे घालून, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब. याची वाफ पटकन पेट घेते.

झाकणाला शेवटी मीच उपाय केला. दुधाची रिकामी पिशवी धुवून वाळवली, त्याची गोल चकती कापून झाकणाच्या आत बसवली. कॅनवर पातळीला मार्करनं रेघ मारून ठेवली होती. आज दहावा दिवस, रेघेवरच आहे.