मुलींची फुटबॉल बॅच, गंगापूर रोड, नाशिक: साडेतीन स्टार, त्यातला अर्धा चावीचा

नाव मुद्दाम टाकत नाहीये. क्लब छोटा आहे, माणसं मनानं चांगली आहेत, आणि माझ्या तक्रारी वाचून कुणी तिकडे जाऊन भांडावं असं मला वाटत नाही. आठ महिन्यांचा अनुभव आहे, जरा लांबड लागेल.

लेक ११ वर्षांची. आधी वर्षभर ती मुलांच्याच बॅचला जायची, २६ पोरं आणि ही एकटी. लहान पोरांच्या बेबी लीग मॅचेसमध्ये पोरं-पोरी एकत्र खेळतात वगैरे मला माहितीये, त्या वयात काही प्रॉब्लेम नसतो, पण २६ मध्ये एक म्हणजे कसलं एकत्र? हिला कुणी पासच द्यायचं नाही. सर ओरडले "अरे तिला पण द्या" की एक पास यायचा, तो पण असा सरकवलेला, देवळाबाहेर चिल्लर टाकतात तसा. घरी आली की गप्प. आजी तर टपलेलीच, "पाय मोडून घेशील, त्यापेक्षा कथ्थकला जा."

मग आम्ही तीन-चार पालक सरांना म्हणालो की मुलींची वेगळी बॅच काढा. ठरलेलं उत्तर आलं, मुली येत नाहीत हो. ठीक आहे म्हटलं, आम्ही आणतो. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकले, शाळेच्या गेटवर उभे राहिलो, आणि शेवटी सगळ्यात जास्त पोरी कुणी आणल्या तर व्हॅनवाल्या काकांनी. ते म्हणाले पाच-सहा जणी असतील तर मी शाळेतून थेट ग्राउंडवर सोडतो, न्यायला तुम्ही या. संपला विषय, कारण अर्ध्या घरांत अडचण फुटबॉलची नव्हतीच, मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून पोरीला नेणार कोण ही होती. पहिल्या दिवशी १७ जणी. सर बघतच राहिले.

आता कोचिंग. इथे पूर्ण मार्क. पहिले तीन आठवडे मॅचच नाही, पालक वैतागले, मी पण. नुसतं पळा, थांबा, वळा, उडी मारून दोन्ही पायांवर नीट उतरा. एकदा विचारलंच, सर हे काय चाललंय. तर म्हणाले, पळायला सगळ्यांना येतं, थांबायला येत नाही. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या धक्क्यानं नाही तर स्वतःच वळताना नाहीतर उडीवरून उतरताना होते, त्यासाठी फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, तो ते दर वेळी करून घेतात. नाशिकला पळण्याचं कौतुक काय सांगायचं, आपल्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलंय, पण थांबायचं पण शिकवावं लागतं हे मला या वयात कळलं. बॉल चार नंबरचा, पाच नंबरचा मोठा नाही. लहान गोल, सात-सातच्या मॅच, म्हणजे प्रत्येकीच्या पायाला बॉल लागतोच.

आणि बडबड करू देतात! हा मुद्दा छोटा वाटेल पण सगळी बॅच यावर टिकलीये. मुलांच्या बॅचमध्ये बोललं की ग्राउंडला चक्कर. इथे पाणी प्यायच्या ब्रेकला पाच मिनिटं गप्पा, जोड्या पण पहिल्या महिन्यात ज्याच्या त्याच्या मैत्रिणीबरोबर. एकीला शाळेच्या परीक्षेमुळे बंद केलं तर पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबरच्या दोघी गायब, ती परत आली तशा त्या पण परत.

आता तक्रारी, आणि पहिली सगळ्यात मोठी.

लेकीची बाटली रोज भरलेली घरी यायची. एप्रिलचं ऊन, दीड तास खेळणं, आणि बाटली भरलेली. मी आधी तिलाच झापलं, पाणी का पीत नाहीस, चक्कर येऊन पडशील. ती काही बोलेना. एका मैत्रिणीच्या आईनं सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्राउंडवरचं टॉयलेट कुलूपबंद, चावी वॉचमनकडे, वॉचमन चहाला. पोरं जातात भिंतीमागे. मुली पाणीच पीत नव्हत्या, शाळेत दुपारपासूनच बंद करायच्या. एवढे दिवस मी कट्ट्यावर बसून मोबाईल बघत होतो आणि मला हे दिसलं नाही, लाज वाटली राव. क्लबला सांगितलं तर "बघतो." दीड महिना बघतच होते. शेवटी दोन आयांनी डुप्लिकेट चावी करून घेतली, आता ती ग्राउंडवर मांडायच्या कोनच्या निळ्या पिशवीला बांधलेली असते, आत साबण आणि झाकणाची बादली आयांनीच ठेवली. या चावीनंतर बाटल्या रिकाम्या यायला लागल्या. खर्च किती, चावीचे साठ रुपये.

दुसरं, वेळ. सुरुवातीला मुलींना दुपारी चारची बॅच दिली होती, का तर साडेपाचला मुलांची असते. नाशिकला पूर्वी थंड हवा असायची म्हणे, आताच्या मे महिन्यात चार वाजता उभं राहून दाखवा. भांडून मंगळवार-गुरुवार साडेपाच मिळवली, पण अर्धंच ग्राउंड, आणि ते पण पार्किंगच्या बाजूचं. पावसाळ्यात त्या बाजूला काळी माती अशी चिकटते की बुटांच्या स्टडखाली दोन इंचाचा थर, पोरी उंच होतात नुसत्या. रविवारी सकाळी मात्र पूर्ण ग्राउंड असतं, आणि नंतर सगळी वरात चिखलाच्या मोज्यांत मिसळ खायला, तिथल्या मालकाला आता आमचं टेबल पाठ झालंय.

किट ठीकठाक. १८०० घेतले आणि जर्सी मुलांच्याच साईजची, दहा वर्षांच्या पोरीला गुडघ्यापर्यंत, फ्रॉकच. शिन गार्ड बाहेरून घ्या. फी महिना १२००, वाजवी आहे.

मॅच हा खरा वांधा. खेळायचं कुणाशी? आम्हाला मुलींची दुसरी टीम मिळता मिळत नाही, म्हणून क्लबच्याच अंडर-११ मुलांशी खेळतात. पहिली ६-० नं हरलो. दुसरी पण हरलो, पण एक गोल झाला आणि त्या गोलला अशी बोंबाबोंब की शेजारच्या क्रिकेटवाल्यांनी ओव्हर थांबवली. पुण्याला फ्रेंडलीला नेणार होते, बस ठरली, आणि सोबत एक पण बाई नाही! साहजिकच निम्म्या घरांनी नाही म्हटलं आणि मॅच रद्द. याचा राग मला अजून आहे. लेडी कोच मिळत नसेल तर समजू शकतो, पण एक ताई मॅनेजर म्हणून ठेवायला काय जातं, आमच्यातल्याच तिघी फुकट यायला तयार होत्या, कुणी विचारलंच नाही. फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाईन सिस्टीममधलं खेळाडूंचं रजिस्ट्रेशन पण मुलांचं झालंय, मुलींचं "पुढच्या महिन्यात." काही पालक पहिल्याच दिवशी दहावीच्या ग्रेस मार्कांचं विचारतात, त्यांना माझ्याकडून कोपरापासून नमस्कार, पोरगी चौथीत आहे हो तुमची.

बाकी २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल नवी मुंबईत झाली, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, आपल्यापासून कसारा घाट उतरलं की तिथे, आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. २०२५ च्या जुलैत मात्र भारताच्या महिला टीमनं थायलंडला २-१ हरवून एशियन कपमध्ये जागा मिळवली, संगीता बासफोरचे दोन्ही गोल लेकीनं आजीला इतक्या वेळा दाखवले की आजी आता "ती संगीता" म्हणते. कथ्थकचा विषय निघालेला नाही बरेच दिवस.

१७ च्या आता १४ आहेत. आठ महिन्यांत तीनच गळल्या, त्यातल्या दोघींची बदली झाली. बाईमाणूस मॅनेजर ठेवला आणि रजिस्ट्रेशन केलं की अजून एक स्टार देईन, इथेच येऊन बदलेन. पहिले दोन दिवस ट्रायल फुकट आहे. शक्यतो शेजारची एखादी सोबत घेऊन या, एकटी आलेली पोरगी तिसऱ्या दिवशी सहसा दिसत नाही. आणि टॉयलेटची चावी त्या निळ्या पिशवीला असते, कुणाला विचारायची गरज नाही.