उमरेडला सायकल पॅक करून घेतली, विमानासाठी

विदर्भात लांबची सायकल टूर करून नागपूरहून फ्लाइटने घरी जायचं असेल तर पॅकिंगचं काम नागपूरला पोचून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, अलीकडे उमरेडलाच उरकून घ्या. भिवापूर रोडवर एक जुनं सायकलचं दुकान आहे, बाहेर लहान पोरांच्या सायकली टांगलेल्या, आत काळ्या लेडीज सायकलींची रांग, त्याच्याबद्दल लिहितेय. मी लोणारहून निघाले, शेगाव, चिखलदरा, सेवाग्राम, चंद्रपूर करत मूल-सिंदेवाही-नागभीडच्या रस्त्याने वर आले, मधे भिवापूरला मिरचीचे लालभडक ढीग बघत थांबले, आणि उमरेडला आले तेव्हा सायकलवर बाभळीच्या काट्यांची पंक्चरं आणि कोळशाच्या ट्रकांची धूळ दोन्ही होतं.

माझी सायकल हायड्रॉलिक डिस्कवाली (म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक), कॅरियर, मडगार्ड सगळं लावलेलं. असली सायकल छोट्या गावातल्या दुकानात द्यायला लोक घाबरतात, मोठ्या शोरूमलाच जा म्हणून सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. कारण साधं आहे, कंपनीतून नवीन सायकल येते तीच मुळी खोक्यात, अर्धी सुटी, हँडल आडवं, पुढचं चाक बाजूला बांधलेलं, आणि दुकानातले काका असे खोके वर्षानुवर्षं फोडत आलेत. कुठली फ्रेम घासून आली, कुठला चिमटा (चाक धरणारा फोर्क) वाकून आला हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे भरताना काय कशाला लागणार हे त्यांना आधीच दिसतं. मी विचारलं जमेल का, तर म्हणाले, "ताई, आमी रोज खोलतो ना जी, भराचं कसं ते बी समजते."

आणि खरंच समजतं. आधी सायकल पुसली, मग पेडल. हाताखालचा पोरगा डाव्या पेडलला पाना लावून जोर करत होता तर काका तिकडूनच ओरडले, "अबे डावं हाय ते, उलटं फिरव!" डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ज्यांना माहीत नसतं ते जोर लावून आटेच खराब करतात. मग सीट खाली, हँडल सोडवून टॉप ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीला, समांतर, पुढचं चाक बाहेर. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) बोल्ट काढून सोडवला, फोममधे गुंडाळला आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधला, म्हणजे खोकं त्या बाजूला आपटलं तरी हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा, वाकायचा नाही. बांधायला दोरी नाही, जुन्या ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या, त्या ताणून बसतात आणि रंगाला ओरखडाही पाडत नाहीत. मला सगळ्यात आवडलं ते हे की नव्या सायकलींच्या चिमट्यात चाकाच्या जागी जो प्लॅस्टिकचा तुकडा येतो तो काका फेकत नाहीत, तेलाच्या जुन्या डब्यात साठवून ठेवतात. डबा ओतला, चार-पाच लावून बघितले, एक चपखल बसला. हा तुकडा नसेल आणि खोक्यावर दुसरं सामान पडलं तर चिमट्याचे दोन्ही पाय आत दबतात, मग घरी गेल्यावर चाकच बसत नाही.

हायड्रॉलिक ब्रेकचं मात्र त्यांना सांगावं लागतं. चाक काढल्यावर चुकून लिव्हर दाबला गेला की आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि ते उघडायचं म्हणजे डोक्याला ताप. मी सांगितल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून पॅडच्या मधे सारला आणि लिव्हरलाही पट्टी बांधली. पण ब्रेकचं ऑइल, बारीक वॉल्वच्या ट्यूब असलं काही इथे मिळत नाही, ते आपलं आपण ठेवायचं.

वजन शेजारच्या अडत्याच्या काट्यावर केलं, साडेबावीस किलो. डोमेस्टिक इकॉनॉमीला चेक-इन साधारण 15 किलोच असतं, त्यामुळे जास्तीचं सामान आधीच ऑनलाइन बुक करा, काउंटरवर महाग पडतं, आणि एक नग 32 किलोच्या वर घेत नाहीत म्हणून सगळे पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या बॅगा) खोक्यात कोंबू नका. पाने-पक्कड खोक्यातच, केबिनमधे नेऊ देत नाहीत. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेत. पंक्चरचं सोल्यूशन आणि हवा भरायचे गॅसचे छोटे सिलिंडर न्यायच्या भानगडीत पडू नका, मी ते पोराला देऊन टाकले. टायरची हवा थोडी कमी करा, पण पूर्ण काढू नका, रिमला तेवढाच आधार. आणि टेपचा एक रोल जवळ ठेवा, सिक्युरिटीवाल्यांनी खोकं उघडायला लावलं तर परत चिकटवायला काहीतरी पाहिजे.

खोकं न्यायला काकांनीच ओळखीचा छोटा हत्ती बोलावून दिला. उमरेड रोडवरून आउटर रिंग रोडने वर्धा रोडला निघता येतं, म्हणजे नागपूर शहरात शिरायची गरजच नाही, माझ्या मते उमरेडला पॅकिंग करायचं हे निम्मं कारण आहे.

पैसे घेतले 400, खोक्यासकट. अर्धा दिवस दोन माणसं राबली त्या मानाने हे फार कमी आहेत, मी पोराच्या हातात वेगळे दिले, तुम्हीही द्या. मोठं खोकं दर वेळी शिल्लक असेलच असं नाही, गिअरची मोठी सायकल आली असेल तरच असतं, म्हणून एक-दोन दिवस आधी फोन करून ठेवायला सांगा. आठवडी बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका, त्या दिवशी दुकानात पंक्चरवाल्यांचीच रांग असते.

पुण्याला खोकं उघडलं तर हँगर सरळ, ब्रेकच्या चकत्या सरळ, रंगाला कुठे ओरखडा नाही. फक्त मागच्या मडगार्डची दांडी वाकली होती, कारण ते तसंच लावून ठेवलं होतं. तेवढं मागचं मडगार्ड पण काढून द्या म्हणून सांगा, काका नाही म्हणणार नाहीत.