कंबरदुखीसाठी टेन्स मशीन, सहा महिने वापरून

आधीच सांगते, याने कंबरदुखी बरी झाली का तर नाही. पण रोज वापरते का तर हो, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हेच घेईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेन्स म्हणजे दुखतंय तिथे कातडीवर पॅड चिकटवायचे आणि मुठीत मावेल एवढं बॅटरीचं यंत्र त्यातून बारीक करंट सोडतं. मुंग्या आल्यासारखं वाटतं, चटका वगैरे काही नाही. पायाचं बोट दाराला आपटलं की हात आपोआप तिथे जातो ना, चोळलं की जरा बरं वाटतं, तोच प्रकार आहे हा. स्पर्शाची खबर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान, दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक, आणि दोन्ही पाठीच्या कण्यात एकाच नाक्यावर येतात, तिथे स्पर्शाची गर्दी झाली की दुखणं मेंदूपर्यंत कमी पोचतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे मांडलं, पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मशीनमागची कल्पना तीच.

मला हे सगळं फिजिओने समजावलं. त्याआधी वर्षभर एकच ऐकत होते, एमआरआयमध्ये काही नाही ना मग दुखतंय कसं, टेन्शन घेतेस म्हणून, मनावर घेऊ नकोस. फिजिओने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, कळ येते का ठणका लागतो, का नुसतं जड वाटतं? मला तिथेच रडू आलं. कारण सकाळी वाकलं की कळ, दुपारी बसून बसून ठणका, आणि रात्री कूस बदलताना सणक, तिन्ही वेगळं आहे हे मला माहीत होतं पण कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीच सांगितलं की वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, त्यातल्या टिपांमध्ये सरळ लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं होत नाही.

आता मशीनबद्दल. ठणक्यावर मस्त चालतं, १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर ठोक्यांच्या आसपास ठेवलं की दहा मिनिटांत फरक कळतो. कळेवर जवळपास काहीच उपयोग नाही, ती येऊन गेलेली असते. बंद केल्यावर आराम कधी तासभर टिकतो कधी तेवढाही नाही, पण त्या वेळात मी फिजिओचे व्यायाम उरकते आणि माझ्यासाठी खरा फायदा हाच आहे, आधी भीतीनेच अंग आखडून बसायचे. जोर जास्त ठेवला की जास्त गुण येईल असं समजू नका, पहिल्या आठवड्यात मी तसं केलं आणि स्नायू असे आखडले की दुसऱ्या दिवशी उठवेना. जोरात पण सोसवेल इतकंच ठेवायचं. रोज एकाच सेटिंगला शरीराला सवय होते, म्हणून मधूनमधून बदलत राहायचं.

पेसमेकर असेल तर हात लावू नका, गरोदरपणात किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि गळ्यावर पुढच्या बाजूला कधीच लावायचं नाही.

तक्रार एकच, पॅड. महिन्याभरात चिकटपणा जातो, कडा सुटतात आणि सुटलेल्या कोपऱ्याशी करंट एकवटून टोचायला लागतो, माझ्या कमरेवर लाल चौकोन उठला होता. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शिवाय कमरेवर ते स्वतःचे स्वतः नीट लागत नाहीत, नवरा लावून देतो. पाच पैकी चार गुण, एक गुण पॅडसाठी कापला.