ईलीच्या आउटफिटरकडून घेतलेली कनू ट्रिप: पाच माणसं, चार रात्री

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून बाउंडरी वॉटर्स नावाचं राखीव अरण्य आहे. दहा लाख एकरांहून मोठं, आत हजारावर तळी, आणि बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर वल्हवत जायचं, आणि मध्ये जमीन आली की कनू, म्हणजे अरुंद, हलकी होडी, खांद्यावर घेऊन चालायचं. या ऑगस्टमध्ये आम्ही चार रात्री तिथे राहून आलो. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक, आठ वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा, वय ६८. आमच्याकडे साधा तंबूसुद्धा नव्हता, त्यामुळे कनूपासून चमच्यापर्यंत सगळं ईली गावातल्या एका आउटफिटरकडून, म्हणजे अशा सहलींचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानाकडून घेतलं. ईलीत अशी बरीच दुकानं आहेत आणि मी लिहितेय ते त्यातल्या कुठेही विचारून घेण्यासारखं आहे, म्हणून नाव देत नाही.

आधी निकाल सांगते. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल, पण उरलेले साडेचार मिळाले त्यातला मोठा वाटा नकाशासमोर घालवलेल्या पाऊण तासाचा आहे.

आम्ही घरून आखून गेलो होतो तो बेत असा: लेक वन या तळ्याला पाण्यात उतरायचं, मग लेक टू, थ्री, फोर, हडसन करत इन्सुला या मोठ्या तळ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. दुकानातल्या गृहस्थांनी, सत्तरीच्या आसपासचे असतील, टेबलावर नकाशा पसरला आणि आमचा बेत ऐकून घेतला. मग तीनच प्रश्न विचारले. यापूर्वी कनू कोणी वल्हवली आहे? बाबांचे गुडघे कसे आहेत? आणि धाकटा एका जागी किती वेळ बसू शकतो? तिन्ही उत्तरं ऐकल्यावर त्यांनी पेनाने हडसन आणि इन्सुलाच्या मध्ये एक आडवी रेघ मारली. इथून पुढे या वेळी जाऊ नका, म्हणाले.

त्याचं कारणही त्यांनी नीट समजावलं. दोन तळ्यांमधल्या पायवाटेला तिथे पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. हडसन ते इन्सुला हे पोर्टेज १०५ रॉडचं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त. कागदावर ते काहीच वाटत नाही. पण दोन कनू आणि पाच माणसांचं सामान एका खेपेत जात नाही. सामान घेऊन जा, रिकामे परत या, उरलेलं घेऊन पुन्हा जा, असं तेच अंतर तीनदा चालावं लागतं. एका पोर्टेजला दीड किलोमीटर पडतो, तोही दगडांवरून आणि मुळांवरून. त्यापेक्षा लेक फोरवर तळ ठोका आणि हडसनला हलक्या कनूने दिवसभरासाठी जाऊन या, असा त्यांचा सल्ला. पैसे आमच्याकडून तेवढेच मिळणार होते. वाट छोटी करून त्यांना काहीच फायदा नव्हता, हे मला तिथेच जाणवलं.

दुसरी गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली, आम्हाला नाही. लेक वन हे तळं म्हणजे बेटांचा आणि आत शिरलेल्या खाड्यांचा गुंता आहे, पहिल्याच दिवशी लोक तिथे चुकतात. नकाशा मांडीवर ठेव, आपण आहोत तिथे अंगठा ठेव, आणि एकेक बेट मागे पडलं की अंगठा पुढे सरकव. तिने सगळे दिवस तेच केलं. एकदा आम्ही चुकलोच. डावीकडे बेट यायला हवं होतं आणि समोर नुसती गवताळ दलदल दिसत होती. "आई, थांब, माझा अंगठा चुकीच्या जागी आहे," असं ती म्हणाली, तेव्हा वीसेक मिनिटांचंच अंतर वाया गेलं होतं. तिच्या हाती नकाशा नसता तर ती दुपार आमची गेलीच होती.

आता कनूबद्दल. आम्ही दोन्ही केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या घेतल्या, एक तीन जणांची आणि एक दोघांची. अ‍ॅल्युमिनियमची कनू भाड्याला स्वस्त पडते, पण तिचं वजन सत्तर-पंचाहत्तर पौंडांच्या घरात जातं. आमची तीन बाकांची, वीस फूट लांब असूनही, पन्नास पौंडांच्या आत होती. हा फरक पाण्यावर कळत नाही, खांद्यावर कळतो. नवऱ्याने पहिल्या पोर्टेजला ती उचलली तेव्हा मी टोक धरून होते. आधी मांडीवर घ्यायची, मग एका झटक्यात उलटी करून डोक्यावरून आणायची, आणि मधल्या दांडीला लावलेल्या दोन गाद्या खांद्यांवर बसवायच्या. कनूच्या आत शिरलेल्या माणसाला समोरचे चार पावलांचे दगड तेवढे दिसतात. म्हणून धाकट्याला पुढे चालायला लावलं. "बाबा, उजवीकडे मूळ आहे. आता चिखल. आता उतार." लेक वन ते लेक टू अशी दोन पोर्टेजं आहेत, तीस आणि चाळीस रॉडच्या आसपास, मध्ये एक छोटं डबकं. दोन्ही त्याने बोलून पार केली. त्या दिवसापासून ते काम त्याचंच झालं आणि दुसऱ्या कोणी पुढे चाललेलं त्याला चालेना.

केव्हलारची एक अट मात्र दुकानात दोनदा बजावून सांगतात: कनू दगडाला टेकू द्यायची नाही. काठ आला की ती पाण्यावर तरंगत असतानाच सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि हाताने धरून आणायची. म्हणजे दिवसभर बूट ओले. बाबांना सुरुवातीला हे जड गेलं, पाण्याखालचे दगड शेवाळलेले असतात. दुकानाने त्यांना न मागता एक जास्तीचं वल्हं दिलं होतं, ते काठीसारखं टेकवत ते उतरायचे. हे आम्हाला सुचलं नसतं.

सामानाचा दर्जा उत्तम. तंबू कोरडे, गाद्या जाड, पाणी गाळायची पिशवी झाडाला टांगली की आपोआप गाळत राहते. सामान भरायला जुन्या घडणीच्या कॅनव्हासच्या मोठ्या पिशव्या देतात. त्यांना डुलुथ पॅक म्हणतात, आणि त्यांचं पेटंट १८८२ सालचं आहे. आकाराने चौकोनी, त्यामुळे कनूच्या तळाशी चपखल बसतात. धाकट्याचं वल्हं मात्र लांब निघालं. ते दुकानात उभं करून हनुवटीपर्यंत येतंय का ते बघायला हवं होतं, आम्ही नुसतं उचललं आणि निघालो. दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचं असा मिनेसोटाचा कायदा आहे. दुकानात त्याच्या खांद्याचे पट्टे वर ओढून, जॅकेट कानापर्यंत सरकत नाही ना, हे बघितलं. मोठ्यांनीसुद्धा घालून ठेवा, तिथलं पाणी गार असतं.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. आम्ही हडसनला जाऊन आदल्या संध्याकाळी लेक फोरवर परतलो होतो आणि आता लेक थ्री ओलांडून परतीच्या वाटेला लागायचं होतं. थ्री हे उघडं, मोठं तळं. पश्चिमेचा वारा त्यावरून मोकळा येतो आणि लाटांना पांढरे तुरे दिसायला लागतात. "सहाला निघा, दुपारी दोनच्या आत तंबू लावा, आणि पांढरे तुरे दिसले तर काठावर बसून राहा," हे त्यांचं वाक्य मी नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं होतं. आम्हाला त्या दिवशी उठायला उशीर झाला होता. नवऱ्याचं म्हणणं होतं काठाकाठाने जाऊ. माझ्या कनूत पुढे लेक, मागे मी, आणि सुकाणू धरायची माझी जेमतेम तीन दिवसांची सवय. मी नाही म्हटलं. आम्ही संध्याकाळी साडेसहापर्यंत त्याच खडकावर बसून राहिलो. बाबांनी मुलांना पत्त्यांत झब्बू शिकवला, दोघांनी मिळून ब्लूबेरीचं एक भांडं भरून आणलं. मग वारा पडला, अगदी कोणी पंखा बंद केल्यासारखा, आणि आरशासारख्या पाण्यावरून आम्ही पलीकडे गेलो. त्या पाऊण तासात कोणी काही बोललं नाही. एक लून, तिथला पाणपक्षी, अगदी दहा हातांवर वर आला, लाल डोळ्याने आमच्याकडे बघितलं, आणि पाण्याला रेघसुद्धा न उठवता खाली गेला.

लूनबद्दल घरून निघताना मुलांना सांगून ठेवा. रात्री तो लांब, चढत जाणारा हंबरडा फोडतो. पहिल्या रात्री धाकटा लांडगा समजून माझ्या पांघरुणात शिरला.

त्या भागातली झाडं बघून बाबा फार खूश होते. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. २०११ मध्ये विजेने लागलेली पगामी क्रीकची आग इथूनच गेली, ९० हजार एकरांहून जास्त जंगल जळलं. आता लेक थ्री, फोरच्या काठावर जळालेल्या खोडांचे रुपेरी खांब उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी जॅक पाइनची दाट नवी पिढी. या पाइनच्या बऱ्याचशा शंकूंची तोंडं राळेने बंद असतात, आगीची धग लागली की राळ वितळते आणि बिया बाहेर पडतात. बाबांनी एक बंद शंकू धाकट्याच्या हातात दिला आणि उघडून दाखव म्हणाले. त्याने नखांनी, दगडाने, सगळं करून पाहिलं. शंकू परत तिथेच ठेवून आलो.

आता कापलेला अर्धा गुण. जेवणाची पाकिटं आम्ही दुकानाकडूनच घेतली होती, पाण्यात उकळून खायची. बाबा आणि मी शाकाहारी, हे बुकिंगच्या वेळी लिहून दिलं होतं आणि फोनवरही सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री, वाऱ्यामुळे उशिरा पोचलेलो, अंधार पडत आलेला, आणि पाकीट फोडलं तर आत चिकन. जंगलात बदलून द्यायला कोणी नसतं. मी घरून मूगडाळ-तांदूळ भाजून एक पिशवी भरून आणली होती, ती खिचडी त्या रात्री कामी आली. पिशवी नसती तर ६८ वर्षांचा माणूस दिवसभर वल्हवून ओट्सवर झोपला असता. दुकान कितीही भलं असो, प्रत्येक पाकीट तिथेच टेबलावर मांडून वाचा, आणि एका वेळचं जेवण स्वतःचं ठेवा. फक्त काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे आत न्यायला मनाई आहे, त्यामुळे लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. अन्न उघड्यावर ठेवता येत नाही. अस्वलाला उघडता येणार नाहीत असे डबे दुकान देतं, ते रात्री तंबूपासून लांब ठेवायचे.

बायकांना आणि मुलींना हे आधी कळलेलं बरं: ठरवून दिलेल्या जागीच तंबू लावायचा असतो, आणि अशा प्रत्येक जागी चुलीसाठी लोखंडी जाळी आणि झाडीत आत एक शौचकूप असतो. कूप म्हणजे खड्ड्यावर बसवलेलं नुसतं आसन. भिंत नाही, दार नाही. आम्ही पायवाटेच्या तोंडाशी एक वल्हं आडवं टाकायचो, आडवं दिसलं की आत कोणी आहे. लेकीची पहिल्या दिवशीची कुरकुर त्या वल्ह्याने बंद झाली.

परमिटचं काम दुकान करून देतं, पण उशीर करू नका. मे ते सप्टेंबर रात्रीच्या मुक्कामाला प्रवेशाच्या जागेप्रमाणे आणि तारखेप्रमाणे कोटा असतो, आणि आरक्षण जानेवारीअखेर सुरू होतं. आम्ही मोठ्यांचे १६ डॉलर, मुलांचे ८ आणि आरक्षणाचे ६ भरले, पाच जणांचे मिळून ७० डॉलर, चारही रात्रींचे. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार कनू. मोबाइलला आत रेंज नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र दुकानात भाड्याने मिळतं. रोज संध्याकाळी आईला "सगळे ठीक" एवढं पाठवता आलं, त्याचे पैसे मला कुठेच खुपले नाहीत.

शेवटच्या दिवशी लेक वनच्या धक्क्यावर ठरल्या वेळेच्या आधी दुकानाची गाडी उभी होती. त्याच गृहस्थांनी कनू उलटी करून तळावरून तळहात फिरवला. हडसनच्या वाटेवर एक लांब ओरखडा पडला होता, तो मी स्वतःच दाखवला. त्यांनी अंगठ्याने चाचपला, वरवरचा आहे म्हणाले, पैसे घेतले नाहीत. चिकनच्या पाकिटाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. बाबांकडे वळून त्यांनी माफी मागितली, त्या जेवणाचे पैसे बिलातून वजा केले आणि पाकिटं भरणाऱ्या मुलीला बोलावून शाकाहारी डब्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधायला सांगितलं. मग लेकीला म्हणाले, आण तुझा नकाशा, आणि ती कुठे चुकली होती त्या खाडीवर स्वतःच्या नकाशात एक खूण करून घेतली.