उबुंटू सर्व्हरचं ऑटोइन्स्टॉल: काही महिने वापरल्यावर (आणि अर्ध्या डिस्कची तक्रार)

महिनाअखेरीला ग्राहकाच्या अकाउंटंटबाईंचा फोन आला, “अहो, बिलं सेव्हच होत नाहीयेत.” सर्व्हरवर शिरून पाहिलं तर रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम आणि डेटा राहतो तो डिस्कचा भाग, शंभर टक्के भरलेलं. व्हीएमला (मोठ्या मशीनच्या पोटात चालणाऱ्या आभासी मशीनला) डिस्क दिली होती ४० जीबीची आणि डीएफ, म्हणजे जागा दाखवणारी कमांड, दाखवत होतं १९. उरलेली जवळपास तेवढीच जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएम या डिस्क-वाटणीच्या व्यवस्थेतल्या सामाईक साठ्यात, निवांत पडून होती, कुणाच्याही नावावर न चढलेली. त्या क्षणी तोंडातून जे निघालं ते इथे छापण्यासारखं नाही, पण हा अनुभव लिहायला बसलो तो त्यामुळेच.

ऑटोइन्स्टॉल म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून देणं. प्रीसीड या जुन्या उत्तर-फाईलचा जमाना कसा गेला आणि उबुंटू २०.०४ पासून सबिक्विटी या नव्या इन्स्टॉलरचं ऑटोइन्स्टॉल कसं आलं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे केव्हीएमचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक होस्ट, म्हणजे खरं मशीन, आहे आणि प्रत्येक ग्राहकाला त्यावर स्वतंत्र व्हीएम. जुन्या २२.०४ वर, नव्या २४.०४ वर. पूर्वी प्रत्येक व्हीएमसाठी भाषा, कीबोर्ड, नेटवर्क, डिस्क, युजर करत एंटर बडवत बसायचं. आता यूझर-डेटा नावाची एक वायएएमएल (साध्या मजकुरातली सेटिंग्जची) फाईल, ती इन्स्टॉलरला देणारी छोटीशी सीड आयएसओ डिस्क-इमेज, आणि व्हीएम बनवणाऱ्या व्हर्ट-इन्स्टॉलची एक कमांड. बस.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. मध्यंतरी होस्टची एसएसडी काही न सांगतासवरता गेली. डेटाचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर होता, ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता आणि तो ठेवायची गरजही पडली नाही. सीडच्या फाईली गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) होत्या. नवी डिस्क बसवली, शेलमध्ये एक लूप फिरवला आणि एकेक व्हीएम आपापलं होस्टनेम, एसएसएच की आणि आशिया/कोलकाता टाइमझोन घेऊन उभी राहिली. मी फक्त सीरियल कन्सोलवरच्या ओळी सरकताना पाहत होतो. क्लोन करून व्हीएम काढणाऱ्यांना मशीन-आयडी (सिस्टिमची ओळखखूण) तोच राहिल्याने दोघींना एकच आयपी मिळायचा प्रकार माहीत असेल. इथे प्रत्येक इन्स्टॉल ताजं, त्यामुळे ती कटकटच नाही.

फाईलच्या खोड्या आहेत, पण त्या एकदाच छळतात. पहिली ओळ हॅश क्लाउड-कॉन्फिग ही टिपणीसारखी दिसते, पण टिपणी नाही; ती पुसली की सगळी फाईल वाया. मेटा-डेटा नावाची दुसरी फाईल रिकामी असली तरी चालते, पण हजर लागतेच. नसली तर इन्स्टॉलर साळसूदपणे भाषा निवडायला सांगतो आणि आपण वायएएमएलमधल्या स्पेस मोजत बसतो. लेट-कमांड्स या इन्स्टॉलरच्या जगात चालतात, नवी सिस्टिम तेव्हा टार्गेट फोल्डरखाली माउंट असते. तिच्यात काही करायचं तर कर्टिन इन-टार्गेट (नव्या सिस्टिमच्या आत कमांड चालवणारी कमांड) लावून करायचं, नाहीतर रीबूटनंतर केलेलं सगळं गायब.

आणि तो प्रसिद्ध प्रश्न: ऑटोइन्स्टॉल पुढे चालू ठेवू का, यस की नो? बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत ऑटोइन्स्टॉल हा शब्द नसेल तर सगळी उत्तरं वाचूनही इन्स्टॉलर डिस्कला हात लावण्यापूर्वी तिथे थांबतो. रात्री लावून झोपलात तर सकाळी तिथेच उभा. व्हीएमसाठी हे तापदायक, म्हणून व्हर्ट-इन्स्टॉलला सीडीरॉम न देता लोकेशन द्यायचं आणि एक्स्ट्रा-आर्ग्समध्ये तो शब्द घालायचा. जाताजाता: नो-ऑटो-कन्सोल वापरत असाल तर वेट पण लावा. नाहीतर इन्स्टॉल संपल्यावर व्हीएम बंद होऊन पडते आणि इन्स्टॉल फसलं असं वाटतं.

आता डिस्क. स्टोरेजमध्ये लेआउट एलव्हीएम एवढंच लिहिलं की डीफॉल्ट साइझिंग-पॉलिसी, म्हणजे रूटला किती जागा द्यायची याचा नियम, असते स्केल्ड. तिचा हिशेब असा: जागा १० जीबीपेक्षा कमी असेल तर सगळी रूटला. १० ते २० असेल तर १० जीबी. २० ते २०० च्या मध्ये निम्मी. २०० च्या वर कितीही असो, रूटला १०० जीबी. म्हणजे ५०० जीबीची डिस्क द्या, वापरायला १०० मिळणार. पैसे बिल्टअपचे, हातात कार्पेट.

हाताने इन्स्टॉल करताना हे निदान दिसतं तरी. डिस्कच्या सारांशाच्या पडद्यावर मोकळी जागा स्पष्ट लिहिलेली असते, जाऊन वाढवता येते. ऑटोइन्स्टॉलमध्ये नेमका तोच पडदा येत नाही. सावध करणारी एकुलती एक पाटी काढून घ्यायची आणि डीफॉल्ट मात्र जुनाच ठेवायचा, हा कुठला न्याय? डेबियनचं प्रीसीड बोजड होतं, पण त्यात गायडेड साइझला मॅक्स लिहिलं की विषय संपायचा. रेड हॅटच्या किकस्टार्टचं ऑटोपार्ट ५० जीबीच्या वर होम वेगळं काढतं. ते आवडो न आवडो, पण जागा निदान कामाला तरी लागते.

कुणी म्हणेल, व्हीएमची डिस्क म्हणून वापरतात ती क्यूकाउ-२ फाईल तर लिहिलं तेवढीच जागा खाते, मग रडतोस कशाला? आमच्या व्हीएमच्या डिस्का फाईली नाहीत, होस्टच्या एलव्हीएमवरचे थेट व्हॉल्यूम आहेत. ४० दिले की होस्टवरून ४० गेले. एसएसडी माझ्या खिशातून आली आहे, आणि तिच्यातले निम्मे जीबी कुणाच्या तरी “असू दे, लागेल पुढे” या विचारावर पडून राहावेत हे मला पटत नाही. उपाय एका ओळीचा आहे: लेआउटच्या खाली साइझिंग-पॉलिसी: ऑल. तेवढ्या एका ओळीसाठी महिनाअखेरीचा फोन.

इथवर तावातावाने लिहून ठेवलं होतं. राग उतरल्यावर त्या दिवसाचा शेल-इतिहास पुन्हा पाहिला आणि थोडं मागे यावं लागतंय. बाईंचं काम कशाने सुरू झालं? एलव्ही-एक्सटेंडच्या एका कमांडने, सोबत हायफन आर, म्हणजे फाईलसिस्टिमही तिथल्या तिथे वाढते. सर्व्हर चालू, रीबूट नाही. ऑल लिहिलेलं असतं तर रूट भरून टाकणाऱ्या त्या भरकटलेल्या लॉगने उरलेले १९ जीबीही खाल्ले असते, फक्त काही आठवडे उशिरा. आणि मग होस्टवर व्हॉल्यूम वाढवा, व्हर्शने ब्लॉक-रीसाइझ करा, आत ग्रो-पार्ट, मग पीव्ही-रीसाइझ, मग एलव्ही-एक्सटेंड, अशी वरात निघाली असती. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा असली की मोठ्या अपग्रेडआधी एलव्हीएम स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता येईल अशी त्या क्षणाची प्रत) घेता येतो, हेही खरं.

तेव्हा राखीव जागा हवी, पण निम्मी नको. अडचण अशी की तयार लेआउटला स्केल्ड किंवा ऑल, दोनच शब्द कळतात. मधलं काही हवं तर डिस्क, पार्टिशन, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम, फॉरमॅट, माउंट असं सगळं एकेक करून लिहा. ते कोरं लिहायला बसू नका. एक व्हीएम हाताने मनासारखी इन्स्टॉल करा, मग व्हार-लॉग-इन्स्टॉलरमध्ये ऑटोइन्स्टॉल-यूझर-डेटा नावाची फाईल सापडेल. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं त्यात असतात. आकार मात्र बाइटमध्ये लिहिलेले असतात, ते बदला: शेवटच्या पार्टिशनला उणे एक, म्हणजे उरलेली सगळी जागा, आणि रूट व्हॉल्यूमला टक्केवारी. टक्केवारी ग्रुपच्या आकारावर धरली जाते, डिस्कच्या नव्हे. मी ८० ठेवतो. फाईलमध्ये पासवर्डचा हॅशही असतो, गिटमध्ये टाकण्याआधी तो काढा.

डेटा मोजून वापरणाऱ्यांसाठी: इन्स्टॉलच्या शेवटी सुरक्षा अपडेट्स उतरवल्या जातात आणि प्रत्येक व्हीएम त्या नव्याने उतरवते. होस्टवर ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा मध्यस्थ) बसवून फाईलमध्ये प्रॉक्सीची एक ओळ घातली की दुसऱ्या व्हीएमपासून पॅकेजेस घरातूनच येतात.

मग क्लाउड इमेज, म्हणजे आधीच इन्स्टॉल केलेली तयार डिस्कच का नाही, हा प्रश्न येणारच. निव्वळ व्हीएमच हव्या असतील तर खुशाल तीच घ्या, इन्स्टॉल करायची भानगडच नाही. आमचे काही ग्राहक खरंखुरं मशीन ऑफिसात ठेवतात आणि तीच यूझर-डेटा फाईल पेनड्राइव्हवर सीआयडेटा (ज्यावरून इन्स्टॉलर सीड ओळखतो ते) लेबल लावून तिथेही चालते. तिथे तो यस-नोचा प्रश्न मी मुद्दाम राहू देतो. भलत्याच मशीनला पेनड्राइव्ह लागला तर कुणाचा तरी टॅलीचा डेटा जायचा. आणि गंमत अशी की याच उबुंटूची क्लाउड इमेज पहिल्या बूटलाच आपण होऊन रूट पसरवून पूर्ण डिस्क घेते. तिला कुणी अर्ध्यावर थांबायला सांगितलेलं नाही.